बिनडोळ्यांचं आइस्क्रीम

आमच्या घरात दुधाचं पातेलं चुलीवर चढलं आणि काकांनी बर्फाची गोष्ट काढली, की माय उलथनं हातात धरून एकच विचारायची, "भाऊजी, त्याला डोळे असनार हायत का?" काका म्हणायचे, "वैनी, आधी होऊ तर द्या." माय म्हणायची, "न्हाई. आधी सांगा. डोळे असले तर दूध मिळनार न्हाई." बाहेरच्या माणसाला हे ऐकून काहीच अर्थबोध झाला नसता, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

आम्ही ताडकळसचे लिंगायत वाणी. पुढे भुसाराचं दुकान, मागे राहतं घर आणि त्याच्या मागे म्हशींचा गोठा. घरात लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात लिंग. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, ताटात शीत उरू द्यायचं नाही, आणि जेवण झालं की ताट धुऊन तेही पाणी पिऊन टाकायचं, असा रिवाज. माय या बाबतीत फार कडक होती. अंड्याचं नाव घ्यायची वेळ आली तर ती नुसतं 'ते' म्हणायची, आणि ते म्हटल्यावरही चूळ भरायची.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ शंभूकाका. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. काका काही काळ हैदराबादला एका जहागीरदाराच्या कोठीवर कोठाराचं काम पाहत होते. तिथल्या दावतींत त्यांनी आइस्क्रीमचे हंस, आइस्क्रीमचे किल्ले, आइस्क्रीमची फुलांची परडी असले प्रकार पाहिले. नोकरी सुटली तेव्हा माणसं शाल घेऊन येतात, अत्तर घेऊन येतात. काका हराजात, म्हणजे लिलावात, घेतलेला आइस्क्रीमचा संचा घेऊन आले. एक लाकडी बादली, तिच्या पोटात कल्हई केलेला उंच डबा, आणि तो डबा फिरवायला वर लोखंडी दांडा. बैलगाडीतून तो उतरवला तेव्हा माय म्हणाली, "लोणी काढायला का?" काकांनी सांगितलं की यात दूध घालून गोठवायचं. माय म्हणाली, "दूध नासलं तर आपन टाकून देतो. तुमी पैसे देऊन नासवनार."

त्या संच्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. सुरुवातीला डबा बर्फातून खळखळ करत सहज फिरायचा. मग दूध धरायला लागलं की खळखळ मंदावून घरघर व्हायची, आणि शेवटी दांडा असा काही कण्हायचा की गोठ्यातली एक म्हैस त्याला उत्तर द्यायची. दांडा फिरवायचं काम माझं आणि अक्काचं, आळीपाळीने. बर्फ आणि मिठाचं मापही काकांनी माझ्याकडेच दिलं होतं, कारण मला लहानपणापासून मोजून केल्याशिवाय चैन पडत नसे. बर्फ पूर्णा स्टेशनवर रेल्वेने यायचा, भुशात पुरलेला, तरटात गुंडाळलेला. तिथून बैलगाडीने आमच्या घरी येईपर्यंत त्याचा निम्मा भाग रस्त्याला लागलेला असायचा. आला की मी तो दुकानाच्या तराजूत घालून घेई, कारण मीठ त्यावर ठरायचं. काका तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ सांगत. माझा अनुभव असा की आपल्याकडच्या उन्हाळ्यात सव्वा भाग लागतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही माझं मत तेच आहे.

नुसतं आइस्क्रीम झालं असतं तर माय काही बोलली नसती. पहिल्या खेपेला तिने ते बोटाने चाखलं, डोळे मिटले आणि "गार खीर हाय" असं म्हणून दुसरं बोट घातलं. पण काकांना साधं आइस्क्रीम करणं कमीपणाचं वाटे. त्यांना ते सजवायचं होतं. पहिल्यांदा त्यांनी हंस केला. चमच्याने आणि कालथ्याने कोरून मान काढली, बदामाच्या कापांची पिसं लावली, केशराने चोच रंगवली आणि दोन मनुका डोळ्यांच्या जागी बसवल्या. कोठीवरचा हंस कसा होता मला ठाऊक नाही, पण आमच्या परातीत जो पक्षी बसला होता तो कुणीही सांगितलं असतं की कोंबडी आहे. मायने एकदा पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "वान्याच्या घरात कोंबडी," एवढंच म्हणाली. त्याच वेळी शेजारची सोनारीण विरजण मागायला आली, तिनेही परातीत पाहिलं, आणि विरजण न घेताच गेली. त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनी अण्णांकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ त्यांना जेवायला आल्यावर कळला. तोपर्यंत कोंबडीची मान वितळून खाली आली होती आणि ती स्वतःच्याच तळ्यात तोंड बुडवून बसली होती.

मायचा नियम तेव्हापासून झाला. डोळे असलेलं काही आपल्या घरात खायचं नाही, मग ते दुधाचं असो की दगडाचं. काकांनी पुष्कळ वाद घातला. मग त्यांनी माणसाचा चेहरा केला, आणि मायची समजूत घालायला त्याचे डोळे मिटलेले दाखवले. माय म्हणाली, "हे तर मेल्यावानी दिसायलंय," आणि त्या दिवशी जेवलीच नाही. मग त्यांनी रेल्वेचं इंजिन केलं. ते खरोखर छान झालं होतं, दालचिनीच्या काडीचं धुराडं होतं. पण पुढचे दोन दिवे मायला पसंत पडले नाहीत. "बघायलंय माझ्याकडं," म्हणाली. काकांनी दिवे काढले तेव्हा कुठे तिने इंजिन वाढलं.

आज माझ्या घरी फ्रीज आहे. माझा धाकटा मुलगा प्लॅस्टिकच्या साच्यातून ससा काढतो आणि त्याला चॉकलेटच्या गोळ्यांचे डोळे लावतो. ससा मी आनंदाने खाते, पण आधी डोळे काढून मुलाच्या वाटीत टाकते. त्याला वाटतं आईला चॉकलेट आवडत नाही.

आता अक्काचं सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण. दिसायला चांगली, कामाला चपळ, भरतकामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिला एकच खोड होती: नको तिथे हसू यायचं. समोरचा माणूस जितका गंभीर, तितकं हिला हसू. पहिली पाहायला आलेली मंडळी तिच्या हसण्यावर उठून गेली. तिथे मुलाच्या आजोबांनी तिला "पोरी, तुला सैपाक येतो का?" असं विचारताना मिशीतून पोह्याचा कण उडवला होता. दुसऱ्या मंडळींच्या वेळी काहीच घडलं नव्हतं, तरी ती हसली. विचारलं तर म्हणाली, "काहीच होईना, म्हनून हसू आलं." आता तिसरं स्थळ सोनपेठचं होतं. ते हुकलं तर चौथं बोरीचं, आणि बोरीचा तो बिजवर सबंध वेळ तपकीर ओढायचा. अण्णांनी त्याला तोंडी होकार देऊन ठेवायचंच काय ते बाकी राहिलं होतं. अक्का मला म्हणाली, "सुभे, यावेळी मला हसू आलं की तू मला बोरीची आठवन करून दे." मी विचारलं, "कशी?" ती म्हणाली, "नुसती शिंक."

सोनपेठचे मन्मथप्पा कापसाचे आडते होते. मोठी आडत, मोठा मान, आणि शिवभक्त म्हणून पंचक्रोशीत नाव. त्यांचा मुलगा विश्वनाथ दुकान पाहायचा. दोघं दुपारी येणार असा निरोप आला आणि काकांनी जाहीर केलं की पाहुण्यांना आइस्क्रीम द्यायचं, तेही त्यांच्या मानाला शोभेल असं. माय उलथनं घेऊन उभी राहिली. काका म्हणाले, "वैनी, कापसाची गठान करतो. कापसाला कुठं डोळे असत्यात?" मायने बराच विचार केला आणि पातेलं चुलीवर ठेवलं.

त्या दिवशीचं आइस्क्रीम मी डोळ्यांनी होताना पाहिलं, म्हणून खात्रीने सांगते की त्यात कुणाचाच काही डाव नव्हता. जे जे केलं त्याला कारण होतं. गठाण, म्हणजे कापसाची दाबून बांधलेली गासडी, खरं तर चौकोनी हवी, पण चौकोनी भांडं घरात नव्हतं. म्हणून गोल बुडाच्या पितळी तपेल्यात आइस्क्रीम दाबून भरलं आणि मीठ घातलेल्या बर्फात पुरलं. बाहेर कोमट फडकं गुंडाळून ते परातीत उपडं केलं तेव्हा गुळगुळीत, पांढराशुभ्र, वर गोल असा उंचवटा उभा राहिला. कोंबडी तळ्यात बुडाली तेव्हापासून काका सावध झाले होते. त्यांनी तांबटाकडून परातीच्या काठाला एका बाजूने छोटी पन्हाळ लावून आणली होती, वितळलेलं दूध तिच्यातून खाली वाटीत जावं म्हणून. गठाणीला लोखंडी पट्ट्या असतात, म्हणून त्यांनी चांदीच्या वर्खाच्या तीन आडव्या पट्ट्या पुढून चिकटवल्या. ओल्याने वर्ख राखाडी पडला. सरतेशेवटी कापसाचं पान हवं म्हणून डोक्यावर पिस्त्याचे काप लावले. पिस्ते संपत आले होते. तीनच काप निघाले. काका दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "हुबेहूब." मायही म्हणाली, "चांगली दिसायली की." आम्ही सगळे सकाळपासून त्या गठाणीच्या इतक्या जवळ होतो की आम्हाला गठाणच दिसत होती.

पाहुणे बैठकीत बसले. मन्मथप्पा थोराड, गोरे, डोक्याला तुळतुळीत टक्कल, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. विश्वनाथ त्यांच्या शेजारी खाली मान घालून. अण्णांनी पावसापाण्याचं विचारलं. मग मायने आतून बांगड्या वाजवल्या आणि अक्का परात घेऊन बाहेर आली. मी दाराशी शिंकायच्या तयारीत. तिने परात चौरंगावर ठेवली. खालची वाटी उत्तरेच्या भिंतीकडे होती, तिच्यावर पन्हाळ यावी म्हणून परात जरा फिरवली आणि बाजूला बसली.

मन्मथप्पा उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायला लागले. ते उठले म्हणून विश्वनाथ उठला, तो उठला म्हणून अण्णा उठले, आणि अण्णांनी हात जोडले म्हणून काकांनीही जोडले. मग सगळ्यांनी परातीकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच आम्हाला ते दिसलं.

"धन्य हाय घर," मन्मथप्पा म्हणाले. "पोरगी बघायला आलो, तर पयल्यांदा पिंडीचं दर्शन. पन्हाळसुदिक उत्तरेला हाय."

अण्णा काकांकडे पाहायला लागले. काका गप्प राहिले असते तर निभावलं असतं, पण त्यांना आपली कारागिरी चुकीच्या नावाने खपलेली सहन झाली नाही. "मन्मथप्पा," ते हात जोडलेलेच ठेवून म्हणाले, "ही कापसाची गठान हाय. तुमच्या आडतीचा मान म्हनून."

"गठान?"

"जी."

"मंग हे भस्माचे पट्टे?"

"गठानीच्या पट्ट्या हायत त्या."

"अन् वर बेल?"

"कापसाचं पान."

"अन् पन्हाळ? गठानीला कवापासून पन्हाळ आली?"

काका म्हणाले, "ती वितळलेलं जायला हाय."

"आमच्या देवळातबी ती त्याच्यासाठीच हाय," मन्मथप्पा म्हणाले. ते आता रागावले आहेत की कसं, ते कळेना. एवढं मात्र सगळ्यांना कळलं की त्या वस्तूला आता चमचा लावता येत नाही. पिंडीला कोण चमचा लावणार? आणि गठाण म्हणून लावावा तर मन्मथप्पांचं दर्शन खोटं ठरणार. ते अक्काकडे वळले. "पोरी, तूच सांग. तुला काय दिसायलंय?"

मी शिंकले. अक्काने खालचा ओठ दातांत धरला होता. पिंडी म्हणावं तर काका खोटे, गठाण म्हणावं तर पाहुणे खोटे. मी पुन्हा शिंकले, जरा मोठ्याने. अक्का म्हणाली, "मला तर ते वितळायलंय, एवढंच दिसायलंय."

आणि मग ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी एकामागून एक शिंका देत होते, त्याने तिला अधिकच हसू येत होतं. दाराआडून मायचा मोठा सुस्कारा ऐकू आला. अण्णांनी बोरीच्या रस्त्याकडे पाहावं तसं खिडकीबाहेर पाहिलं. विश्वनाथने मान आणखी खाली घातली, पण मी जमिनीलगत बसले होते, मला त्याचं तोंड दिसत होतं. तो हसत होता.

तेवढ्यात पन्हाळीतून पहिला थेंब वाटीत पडला. शिंका आणि हसण्यातूनही तो टप्पकन ऐकू आला. मन्मथप्पांनी वाटीकडे पाहिलं, मांडी घातली, आणि उजव्या हाताचा द्रोण करून पुढे धरला. "द्या तीर्थ," म्हणाले.

काकांनी पळीने तीर्थ दिलं. मन्मथप्पांनी ते घेतलं आणि हात रिवाजाप्रमाणे टकलावरून फिरवला. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मग पुन्हा. वाटी भरायला वेळ लागत होता, म्हणून आम्ही सगळे बसून राहिलो. पाहायला आलेली मंडळी पोहे खाऊन उठायची ती या घरात परातीभोवती बसून थेंब मोजत होती. विश्वनाथने तीर्थ घेतलं, अण्णांनी घेतलं, आतून मायनेही हात पुढे केला. प्रत्येकाने हात डोक्यावरून फिरवला. दर शेर दुधाला पाव शेर साखर होती. लवकरच मन्मथप्पांच्या टकलावर माश्या बसायला लागल्या. अक्का पंख्याने वारा घालायला पुढे झाली, आणि हसत हसतच वारा घालत राहिली.

शेवटी गठाण एका बाजूने खचली. वर्ख सुरकुतला, पान घसरून परातीत आलं आणि सगळं एका अंगावर कललं. मन्मथप्पांनी हात जोडले. "विसर्जन झालं," म्हणाले, "आता वाढा." मायने जिवात जीव आल्यासारखं वाढलं, वाट्या भरभरून. मन्मथप्पांना आतापर्यंत नुसतं वितळलेलं मिळालं होतं. आता घट्ट मिळालं. त्यांनी मोठा घास घेतला आणि तो दाढेखाली धरला.

आइस्क्रीम चावायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. हात गालावर गेला. नेमका तोच क्षण अण्णांनी साधला. बिचारे मघापासून धीर गोळा करत होते. "मग मन्मथप्पा," ते म्हणाले, "पोरीचं काय ते सांगा. हसरी हाय जरा, पन..."

मन्मथप्पांनी डोळे गच्च मिटले आणि जोरजोरात मान हलवली, डावीकडून उजवीकडे.

अक्काचं हसू थांबलं. मला आठवतं त्याप्रमाणे तिचं हसू आपोआप थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. तिने पंखा खाली ठेवला. दाराआड माय मटकन बसल्याचा आवाज आला. अण्णा म्हणाले, "तुमची मर्जी," आणि काकांनी आपल्या गठाणीकडे अशा रागाने पाहिलं की जणू तिलाच डोळे होते.

"त्यांची दाढ हाय किडकी," विश्वनाथ म्हणाला. एवढा वेळ तो एक शब्द बोलला नव्हता. "गारव्यानं ठनकायली. त्यांना बोलता येईना." मग त्याने वडिलांकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि मान खाली न घालता म्हणाला, "मला पसंत हाय."

मुलाने स्वतः पसंती सांगायची पद्धत तेव्हा नव्हती. सगळे मन्मथप्पांकडे पाहायला लागले. त्यांनी गालावरचा हात न काढता दुसरा हात वर केला, बोट उगारलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि वारा दाढेला लागताच पुन्हा मिटलं. आतून "ह्हं" असा आवाज आला.

"हो म्हनाले," काका म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी साखरेची वाटी उचलून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मन्मथप्पांच्या हातावरही ठेवली. आमच्यात चार माणसांसमोर साखर हातावर पडली की शब्द झाला. मन्मथप्पांनी हातावरच्या साखरेकडे बघितलं, आणि रिवाज तो रिवाज म्हणून ती तोंडात टाकली. गोडाने दाढ आणखी ठणकली असणार, कारण त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मायने ते आनंदाश्रू समजून दारातूनच त्यांना नमस्कार केला. तरीही त्यांनी वाटीत आइस्क्रीम ठेवलं नाही. वाटी धुतली, पाणी प्यायले, आणि गालाला उपरणं बांधून गाडीत बसले.

लग्न वैशाखात झालं. मन्मथप्पांनी शब्द पाळला, आणि सुनेला कधी उणं बोलले नाहीत. अक्का सोनपेठच्या त्या घरात मरेपर्यंत हसली. पण त्या दुपारी बोट उगारून ते काय सांगणार होते, हे आम्हाला कधी कळलं नाही. गाडीत दाढेची कळ थांबल्यावर त्यांनी विश्वनाथला काही सांगितलं असेल तर तेही विश्वनाथने कुणाला सांगितलं नाही. अण्णांना पुढे बरीच वर्षं त्याची रुखरुख होती. काका म्हणायचे, "अरे, हो म्हनाले. मी ऐकलंय."

खूप पुढे, मन्मथप्पा अगदी थकले होते तेव्हा मी अक्काकडे गेले होते. ती त्यांना दूधभात भरवत होती. मध्येच हात थांबवून तिने विचारलं, "मामंजी, आता तरी सांगा. तवा हो म्हनत होता का न्हाई?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, हात उचलून गालावर ठेवला, आणि दाढ दुखतेय, बोलता येत नाही, अशी खूण केली. तोंडात तेव्हा त्यांच्या एकही दात नव्हता.